पापलेटच्या शेजारी फुलपाखरं

ओले बोंबील सुकवताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. एकटा बोंबील दोरीवर टिकत नाही.

डांबरगोळीचा वास गेला, की ती संपली असं समजायचं.

बोरिवलीच्या एका सोसायटीत, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून, जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवावा की नाही यावरून प्रत्येक मीटिंगला भांडण व्हायचं.

हिरवा रंग सगळ्यांत आधी उडतो.

अंधेरीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या म्युझियममध्ये एक कपाट रिकामं होतं आणि त्याची चावी विनिताकडे होती.

तर, आधी जिना.

बोरिवलीचा नाही, कॉलेजचा. विनिता खाली उतरत होती आणि समोरून खोकी वर येत होती. लाकडी, काचेच्या झाकणाची, एकावर एक. खाली दोन पाय, वर थोडेसे ओले केस. मधला माणूस दिसतच नव्हता.

“पुढची पायरी तुटलीय,” ती म्हणाली.

“पुढची म्हणजे कुठली?”

“आता पाय ठेवताय ना... तीच.”

पाय हवेत थांबला. खोकी डुलली. विनितानं झटकन वरचं खोकं धरलं, आणि काचेखाली जे दिसलं त्यानं तिचाच पाय अडखळला. एक मोठा पतंग. फिकट हिरवे पंख, मागे लांब वळलेल्या दोन शेपट्या, कडेला जांभळी रेघ.

“आईशप्पथ... मून मॉथ?”

“तुम्ही ओळखता?” खोक्यांमागून आवाज आला.

“इथंच नोकरी करते. ओळखावं लागतं.”

“मग आधी मला वाचवा, मॅडम. हात सुटतायत.”

तिनं वाचवलं. निम्मी खोकी तिनं घेतली आणि मागचा माणूस उजेडात आला. नाव सुबोध धुरी, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला. तो पतंग पकडायचा नाही, पडलेले उचलायचा. रात्रभर जिन्यातल्या दिव्याला धडका देऊन सकाळी पायऱ्यांवर मरून पडलेले, रस्त्यावर गाडीच्या काचेला आपटलेले. झाडूवालीच्या आधी खाली उतरायचं आणि गोळा करायचे, शाळेत असल्यापासूनची सवय. आता बोरिवलीच्या त्याच्या सोसायटीची इमारत पाडून नवी बांधणार होते आणि दहिसरला भाड्यानं घेतलेल्या एका खोलीत खोक्यांना जागा नव्हती.

“आईनं सांगितलंय,” तो म्हणाला, “‘एकतर घरात ही खोकी रवतली, नायतर मी.’ मी दोन मिनिटं विचार केला, तर तिनं जेवायलाच वाढलं नाही.”

ज्या सरांना तो भेटायला आला होता ते केव्हाच निवृत्त झाले होते. विभागप्रमुख नंदकुमार सरांनी मान वर न करता “ठेवा कुठं तरी” म्हटलं. विनितानं खिशातली चावी काढली.

मग शनिवार सुरू झाले.

सुबोध दर शनिवारी दुपारी यायचा. खोकी तपासायला, असं तो म्हणायचा. एका बंद डब्यात ओला कापूस ठेवून त्यावर वाळलेला पतंग दोन दिवस आधी ठेवायला तो तिला सांगायचा. कडक झालेले सांधे मऊ पडतात. मग थर्माकोलच्या खाचेत पतंगाचं अंग बसवायचं, छातीच्या बरोबर मधून टाचणी घालायची, बटरपेपरच्या पट्टीनं पंख दाबून हळूहळू पुढं सरकवायचे. हे काम एका माणसालाही जमतं. त्यांनी ते दोघांचं करून टाकलं होतं.

“पट्टी धर. अगं घट्ट नको... टेकव फक्त.”

“टेकवलीय.”

“हात थरथरतोय तुझा.”

“तू मानेवर श्वास सोडतोयस म्हणून.”

“मग सोडू नको?”

“असं कुठं म्हटलं मी?”

खिडकीबाहेर पाणी टपकत होतं. पंख्याखाली काम करता येत नाही, पंख उडतात. म्हणून पंखा बंद. दोघांच्याही कपाळावर घाम. विनिताच्या मनगटावर पंखांची रुपेरी भुकटी लागलेली. ती पुसायची नाही, हात धुवायला उगाच उशीर करायची...

“दोन दिवस डब्यात ठेवलं, की कडकातलं कडक अंग मऊ पडतं,” एकदा सुबोध म्हणाला.

“सगळ्यांचं?”

“तुमच्या सरांचं सांगता येत नाही.”

ती इतकी हसली, की टाचणी चुकली.

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

आता बोंबील.

विनिता वेसाव्याची, कोळीवाड्यातली. आई पार्वती अंधेरीच्या बाजारात मासे विकायची, वडील हरेश्वर बोटीवर. सुबोध मालवणकडचा, त्यामुळे बोलणं फिरून फिरून माशांवर यायचंच. एका शनिवारी त्यानं सांगितलं, दुकानातले सुके बोंबील आणले की आई म्हणते, ह्यापेक्षा पुठ्ठा भाजून दे.

पुढच्या शुक्रवारी विनितानं माळ्यावरची करंडी उतरवली. निवडून निवडून बोंबील काढले, लांब, पिवळसर, मोडके नाहीत असे. वर्तमानपत्रात बांधले.

“कोनाला गं?” आईनं विचारलं.

“कॉलेजात.”

“कॉलेजान कोन खातं बोंबील?”

“आहे कुणी तरी.”

आईनं तिच्याकडं बघितलं आणि पुडीत आणखी चार बोंबील सारले.

पण पुडी ठेवायची कुठं? स्टाफरूमच्या फ्रिजवर ‘फक्त शाकाहारी’ असा कागद चिकटवलेला. टेबलाच्या खणात ठेवली तर नंदकुमार सर वासावरून कॉलेजभर चौकशी लावणार. हवाबंद, घट्ट दाराचं, वास बाहेर न सोडणारं एकच कपाट होतं. विनितानं खालच्या खणात पुडी ठेवली आणि चावी फिरवली. वर, काचेखाली, मून मॉथ.

शनिवारी सुबोध आला नाही. निरोप आला — ‘शिफ्टिंग. वाट लागलीय यार.’ पुढच्याही शनिवारी नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

ती पुडी कुणाबरोबर तरी पाठवता आली असती. पण काही गोष्टी हातात द्यायच्या असतात... विनिता थांबली.

सोमवारी तिनं कपाट उघडलं, तर मून मॉथच्या टाचणीखाली तपकिरी पिठाची छोटी रास होती. पंख होते, तळाला पडलेले, एक उलटा, एक सुलटा. टाचणीवर अंगच नव्हतं. कोपऱ्यातल्या डांबरगोळीला वास उरला नव्हता. पिठातून एक केसाळ अळी चालली होती, अगदी सावकाश.

विनितानं खालचा खण ओढला. पुडी उघडली. बोंबलांवर तशाच अळ्या.

ती खाली बसली, फरशीवर.

पावसात सुक्या मासळीला ही कीड लागते, हे कोळीवाड्यातल्या पोराटोरालाही माहीत. सुकलेलं अंग दिसलं की ही कीड मासा बघत नाही न् पतंग बघत नाही, हे एमएस्सीच्या पुस्तकात. विनिताला दोन्ही येत होतं. फक्त एक घरी येत होतं आणि दुसरं कॉलेजात.

नंदकुमार सर येऊन बघून गेले. “पावसाळा आहे,” ते म्हणाले. “त्याला सांग, दमट हवेनं झालं. कोण विचारतंय?”

कोणीही विचारणार नव्हतं, हेच तर. पुडी तिनं त्याच दुपारी फेकून दिली. आता फक्त तिला ठाऊक होतं. सांगितलं नाही, तर सुबोध हळहळेल, चहा पिईल, पुढच्या शनिवारी पुन्हा येईल. सांगितलं तर?

आणि नाही सांगितलं, तर पट्टी धरताना त्याच्याकडं बघायचं कसं?

शनिवारी तो आला. दाढी वाढलेली, खांद्याला घामट सॅक, पण डोळे हसरे. काडेपेटीत काही तरी आणलेलं.

“दहिसरलाही पतंग आहेत गं! जिना घाणेरडा आहे, पण दिवा झकास...”

“सुबोध. आधी हे बघ.”

तिनं खोकं पुढं सरकवलं. तो बघत राहिला. काडेपेटी हातातच.

“कॉलेजला होतो तेव्हा सापडला होता,” तो शेवटी म्हणाला. “नंतर रोज बघायचो. परत एकही नाही आला.” मग स्वतःच, तिला सावरून घेत, “दमट हवा असेल. होतं पावसाळ्यात.”

वाट मोकळी होती. त्यानंच करून दिली होती.

“नाही,” विनिता म्हणाली. “बोंबलांतून आली कीड.”

“कुठल्या बोंबलांतून?”

“खालच्या खणातल्या.”

“म्युझियमच्या कपाटात... बोंबील?”

“हो.”

“कुणी ठेवले?”

“मी.”

“तू एमएस्सी आहेस ना?”

“आहे ना.”

“आणि तुला माहीत नव्हतं?”

“पुस्तकातलं माहीत होतं रे. आईच्या करंडीतला बोंबील पुस्तकात नसतो.”

तो हसला नाही. “पण कपाटात ठेवायचे कशाला? कुणासाठी होते एवढे?”

“तुझ्या आईसाठी.” तिनं खोकं जवळ ओढलं. “म्हणजे... आईचं निमित्त. तुझ्यासाठी.”

सुबोधनं काडेपेटी टेबलावर ठेवली. सॅक उचलली. दारापर्यंत गेला. विनितानं त्याला थांबवलं नाही. थांबवायला तोंड नव्हतं. त्याची पावलं बाहेर वाजली, तुटक्या पायरीपर्यंत... आणि तिथून परत फिरली.

“बाकीच्या खोक्यांत गेली असेल?”

“अंडी असतील. दिसत नाहीत.”

“मग?”

“गोठवायला हवीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चांगले पंधराएक दिवस. अळ्या-अंडी सगळी मरतात.”

“इथं फ्रीजर आहे?”

“बर्फाचा एक ट्रे मावतो, एवढा.” ती थांबली. “आमच्या घरी आहे. मोठा.”

रिक्षात खोकी मधे होती आणि ती दोघं दोन टोकांना. अंधेरी ते वेसावे, नुसते खड्डे. एका खड्ड्यात दोघांनी एकदमच वरचं खोकं धरलं. बोटांवर बोटं आली. त्यानं हात काढला नाही, पण बघितलंही नाही.

बोटी किनाऱ्याला लागलेल्या होत्या, मासेमारी बंद. त्यामुळे फ्रीजर बराचसा रिकामा; तळाला थोडी पापलेटं. पार्वतीबाई झाकणाला हात टेकवून उभ्या राहिल्या.

“मेलेली फुलपाखरां? माज्या फ्रीजरमदी?”

“आई, प्लास्टिक आहे. दुहेरी.”

“वास लागंल ना.”

“माशांना नाही लागणार,” सुबोध अदबीनं म्हणाला.

“तुज्या फुलपाखरांना लागंल, बोलते मी.”

विनिताचा भाऊ प्रज्योत पडवीतून ओरडला, “अगं, याला विचार, खायची कशी? तळून का कालवण?”

“तू गप रे, मुडद्या!” पार्वतीबाईंनी पापलेटं एका बाजूला सारली. “घाल बाबा. पन बोटी सुटायच्या आधी काढायची. मंग जागा माशांची.” आणि त्या आत गेल्या. जाताना प्रज्योतलाही कॉलर धरून घेऊन गेल्या.

खोकी एकेक करून आत गेली. थंड वाफ वर येत होती, दोघांच्या चेहऱ्यांच्या मधे. शेवटचं खोकं मून मॉथचं. विनिता अडखळली.

“हेही?”

“पंख आहेत ना.”

तिनं ते ठेवलं. झाकण अर्धं उघडंच.

“राग गेला?”

“नाही.”

“मग परत का फिरलास?”

त्यानं ओठ चावले. “तीन शनिवार नुसतं सामान हलवत होतो. खोक्यांची एकदाही आठवण आली नाही मला. कपाटाची यायची... म्हणजे कपाट उघडते तिची.”

“सरळ बोल. मी कोळीण आहे, आडून बोललेलं कळत नाही मला.”

“मला तू आवडतेस.”

“हां. आता कळलं.”

“आणि तुझं काय?”

“मी बोंबील निवडले ना, तेव्हाच बोलले.”

“मला मिळाले कुठं ते!”

“तेही खरं,” ती म्हणाली, आणि मग इतक्या दिवसांचं सगळं एकदम दाटून आलं — हसू होतं की रडू, तिला कळेना. “मोडून टाकलं ना रे मी तुझं...”

सुबोधनं तिच्या गारठलेल्या बोटांवर हात ठेवला. नाही, असं तो म्हणाला नाही. मोडलं होतंच. तो फक्त हात तसाच ठेवून उभा राहिला, मग दोघांनी मिळून झाकण खाली ओढलं.

आतून पार्वतीबाईंचा आवाज आला. “विनी, त्या पोराला विचार, जेवून जातो का!”

“जातो म्हणतोय,” विनितानं त्याला न विचारताच सांगितलं.

मे महिन्यात, विनिताला भेटण्याआधी, सुबोधनं ही सगळी खोकी एकदा कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेली होती आणि तिथूनही असंच मागं फिरून परत वर आणली होती.