भामाचा शेवटचा सामना

"या पोरीचा अंगठा मोडणार!"

औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात विश्वजीतनं दचकून मागं पाहिलं. एक तरुणी – खांद्यावर बॅग, घट्ट वेणी, आणि नजर थेट त्याच्या हातातल्या चित्रांवर...

"कुणाचा?"

"तुमच्या हिरोइनचा. अंगठा मुठीच्या आत ठेवून ठोसा मारतेय. पहिल्याच फटक्यात मोडेल." तिनं मूठ वळून दाखवली. आधी चार बोटं, मग त्यांच्यावर बाहेरून अंगठा. "असं. करा बघू."

त्यानं मूठ वळली. तिनं त्याचा अंगठा हलकेच खाली सरकवला... आणि तो झेरॉक्सचं विसरूनच गेला.

ती रूपा. चोवीस वर्षांची, हर्सूल तलावाजवळच्या बागेत मुलींना कराटे शिकवणारी. आणि तो जपानी 'मांगा' कॉमिक्ससारखी चित्रकथा काढत होता. नायिका भामा, सोळा वर्षांची, गुलमंडीच्या गल्ल्यांत गुंडांशी एकटी भिडणारी. तीन वर्षांची मेहनत होती. महिन्याभरात शेवटचं प्रकरण पुण्याच्या प्रकाशकाकडे पोचलं, तरच पुस्तक निघणार होतं.

"मला लढाई शिकवाल? म्हणजे... चित्रापुरती."

"चित्रापुरती शिकवत नाय मी. सकाळी सहाला या. पोरींच्या रांगेत, सगळ्यांत मागं."

तो गेला. पाय उचलला की त्याचा तोल जायचा.

"सर, लई हलता हो तुम्ही!" नऊ वर्षांची मोनाली ओरडायची.

रूपा हसू दाबायची, मग जवळ येऊन शांतपणे समजावायची – ताकद नुसती हातात नसते. टाच जमिनीवर घट्ट रोवली, की ठोसा सरळ जातो. तो घरी जाऊन टाचांची चित्रं काढत बसायचा. तलावावर धुकं उतरायचं, आणि त्याच्या वहीतली भामा हळूहळू बदलत होती.

"ही माझ्यासारखी दिसायला लागलीय," एकदा रूपा म्हणाली.

"व्हय? मला नाय वाटत."

"खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

शेवटचं प्रकरण त्यानं मोठ्या हौसेनं तिच्या हातात दिलं. पानं उलटता उलटता तिचं हसू मावळलं. बारा गुंडांना लोळवून भामा दमते, तेराव्यासमोर पडते – आणि मोटारसायकलवरून एक तरुण येऊन तिला वाचवतो. तरुणाच्या डोळ्यांवर विश्वजीतचाच चष्मा!

"दोनशे पानं ही पोरगी एकटी लढली," रूपा हळू आवाजात म्हणाली, "आणि शेवटी तू येऊन वाचवणार? माझ्याबद्दलही असंच वाटतं तुला?"

ती निघून गेली. 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं... पण असं नको होतं व्हायला.

पानं पाठवायला दोनच दिवस उरले होते. विश्वजीतनं शेवटची आठ पानं फाडली. भामा पुन्हा पडली, आणि या वेळी स्वतःच उठली. तेरावा गुंडही तिनंच लोळवला. पण त्यानंतरचं शेवटचं पान काही केल्या सुचेना. ते कोरं पान घेऊनच तो सकाळी बागेत गेला.

रूपानं सगळं उभ्यानंच वाचलं.

"आता हे कोरं का?"

"वाचवणारा तिला नको, एवढं कळलं. मग काय हवं... ते कळत नाय."

तिनं बॅगेतून एक जाड पॅड काढून त्याच्या हातात दिलं. "छातीशी धर. लढणारीला रोज सराव लागतो. आणि समोर एक माणूस लागतो – लाथा खाऊन परत जागेवर येणारा."

लाथ बसली. तो तीन पावलं मागं गेला, चष्मा सावरला, आणि परत जागेवर येऊन उभा राहिला. पोरी खिदळल्या. मग गवतावर बसून त्यानं पान पूर्ण केलं – भामाची लाथ, आणि समोर पॅड धरलेले दोन हात.

रूपानं ते बघितलं. बघतच राहिली.

"माझं पॅड कुणी नीट धरत नाय," ती तलावाकडे पाहत म्हणाली.

"मी... रोज धरू?" त्यानं उठून पॅड पुन्हा छातीशी धरलं.

"उशीर झाला तर वीस बैठका."

"आणि आपल्या लग्नाच्या दिवशी?"

रूपानं वेणी मागं टाकली, पाय उचलला.

"त्या दिवशी सुट्टी," ती म्हणाली... आणि दुसरी लाथ बसली.