अवशेषप्रकाश

छायाचित्र-संपादन शिकणाऱ्या नवशिक्यांना त्या काळी पहिला धडा मागे जाण्याचा दिला जाई. उजेड वाढवणे, रंग सुधारणे हे सारे नंतरचे. विद्यार्थ्याने आपला जुना फोटो पडद्यावर उघडायचा, खालच्या पट्टीवर बोट ठेवून ते सावकाश डावीकडे सरकवायचे. फोटोतली माणसे मग फोटोच्या आधीच्या क्षणात जात.

सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात निवृत्तांसाठी चालणाऱ्या या वर्गात मंदार उपळेकर आले, ते पत्नी रेवतीच्या वर्षश्राद्धासाठी. पाणीपुरवठा खात्यात अभियंता म्हणून हयात घालवलेल्या मंदाररावांना तिचा भिंतीवर लावायचा फोटो स्वतःच्या हाताने तयार करायचा होता. नृसिंहवाडीच्या घाटावर त्यांनीच काढलेला फोटो त्यांना सर्वांत आवडे. मात्र त्यात नेमके रेवतीचे डोळे मिटले होते.

“काका, बोट हळू. व्हॉल्व्ह नाहीये तो,” वर्ग घेणाऱ्या डॉ. तबस्सुम मुल्ला म्हणाल्या. हे तंत्र ज्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, तिथे त्या संशोधक होत्या.

“व्हॉल्व्ह असता तर एव्हाना जमलं असतं, मॅडम. पण फोटोत नसलेला क्षण येतो कुठून?”

“टाकी रिकामी केली तरी तळाला ओल राहते ना? कॅमेऱ्याच्या संवेदकाचंही तसंच. बटण दाबण्याआधीही तो समोरचं पाहतच असतो. त्या उजेडाचा फार क्षीण ठसा मूळ फाइलमध्ये उतरतो. त्याला आम्ही अवशेषप्रकाश म्हणतो. पूर्वी त्याला नुसती खरखर समजायचे. आता तो वाचता येतो. चार-पाच सेकंद मागचा, त्यापलीकडे नाही.”

मंदाररावांनी बोट सरकवले. रेवतीचे डोळे उघडले, हसूही होते. पण नवशिक्याचे बोट, ते जरा जास्तच मागे गेले. तिथे हसू नव्हते. एखादे काम उरकण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा होता.

त्यांनी दुसरा फोटो उघडला, मग तिसरा. दापोली, हंपी, मुलगी ओवीचे लग्न. प्रत्येक ठिकाणी त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावल्यावरच ते हसू आलेले होते.

“यंत्र चुकत असेल.”

“फाइलमध्ये नाही ते यंत्र घालत नाही, काका. आणि हसण्याआधी कुणाचाही चेहरा साधाच असतो. मनावर नका घेऊ.”

हे म्हणणे तर्काला धरून होते. म्हणूनच ते तपासून पाहणे मंदाररावांना आवश्यक वाटले. आतापर्यंतचे सारे फोटो त्यांनी काढलेले होते. तुलनेसाठी दुसऱ्या कुणी काढलेला हवा. ओवीने एका दिवाळीत अंगणात काढलेला दोघांचा फोटो त्यांनी घेतला. दोघे शेजारी उभे. रेवतीच्या ओठांवर तेच परिचित, नेटके हसू.

बोट मागे सरकले. पडद्यावरचे मंदारराव उलट्या पावलांनी चौकटीबाहेर गेले आणि एकटी उरलेली रेवती खळखळून हसताना दिसली. मान मागे टाकलेली, तोंड सताड उघडे. मागची एक दाढ पडलेली होती. ती केव्हा पडली, हे त्यांना ठाऊक नव्हते.

त्यांनी पट्टी पुढे नेली. ते आले; तोंड मिटले. मागे नेली. ते गेले. कितीही वेळा करून पाहिले तरी उत्तर बदलेना.

“बहुतेक लोक शेवटी मूळचाच फोटो ठेवतात, काका,” डॉ. मुल्ला हलकेच म्हणाल्या.

“नाही. हाच क्षण कायम कसा करायचा, तेवढं दाखवा.”

पुढचे धडे त्यांनी मन लावून घेतले. रेवतीच्या गालावरची सावली उजळली, पणत्यांचा पिवळेपणा उतरवला. तयार झालेला फोटो पुण्याला ओवीकडे धाडला. तिचा लगेच फोन आला.

“बाबा, कसली गोड हसतेय आई! पण हा तुमच्या दोघांचा होता ना? स्वतःलाच कापलंस की काय?”

“नाही गं. मी अजून यायचा होतो.”

“हं, मग बरोबर,” ओवी म्हणाली. तिला नवल वाटले नव्हते, एवढे मंदाररावांना फोनवरही कळले.