दुधी सीटवरचा सोडा

"छत घासू नकोस, नुसतं टिपून घे. फार ओलं झालं तर आतला गोंद सुटेल आणि कापड आपल्या डोक्यावर लोंबेल," नाकूने आपल्या मित्राला, चष्मिसला बजावलं. वाक्य गॅरेजवाल्या मावशींचं होतं, ठसकाही त्यांचाच.

दोघं जुन्या निळ्या गाडीत उताणी पडून छत पुसत होती. व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेलं फडकं दर वेळी चहा सांडल्यासारखं पिवळं व्हायचं. गाडी मावशींनीच नाकूच्या घरच्यांना विकली होती आणि विकताना काही लपवलं नव्हतं. आधीचा मालक गाडीत सिगारेटी ओढायचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. धूर उडून जातो, पण त्याचा चिकटा काचांवर, छतावर, सीटच्या पट्ट्यांवर बसतो. कष्ट केले तर तो जाईल. शनिवारपर्यंत नाही गेला तर गाडी खुशाल परत आणा, असा त्यांचा शब्द होता.

वास जाणं फार गरजेचं होतं. नाकूच्या धाकट्या भावाला, टिल्लूला दमा होता. धुराच्या नुसत्या वासाने त्याची छाती घरघरायला लागायची. समुद्र त्याने अजून चित्रातच पाहिला होता. वास गेला तर रविवारी समुद्र, नाही तर गाडी परत आणि टिल्लू पुन्हा खिडकीत बसून!

म्हणून सगळं मावशींच्या सांगण्याप्रमाणे चाललं होतं. पट्टे शेवटपर्यंत ओढून धुतले. डॅशबोर्डच्या खणामागची हवेची जाळी काढली. ती इतकी काळी निघाली, की चष्मिस म्हणाला, हिच्यावर खडूने लिहिता येईल. सीटवर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतला.

तरी एक भानगड होतीच. सकाळी गाडीला काही वास नसायचा. जेवून परत यावं, तर दार उघडताच भपकारा!

"बाईंनी गोड बोलून गाडी गळ्यात मारली आपल्या," मामा म्हणाला. "उद्या परत देऊन टाकू."

मामा नाकूच्याच घरी राहायचा. नाकूचं हे नाव त्यानेच ठेवलेलं, कारण आज भाजी कुठली हे ती जिन्यातूनच ओळखायची. कुठेही जायचं असलं की मामाशेजारची पुढची सीट नाकूची, हा घरातला कायदा होता. टिल्लू दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी मामाने सिगारेटचं पाकीट सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकलं होतं आणि टिल्लूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. असा मामा म्हणतोय म्हणजे मावशींनीच फसवलं असणार! नाकू तणतणत गॅरेजमध्ये गेली.

मावशींनी हातातला पाना खाली ठेवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जुना धूर लाजाळू असतो बाळ," त्या म्हणाल्या. "तो कापडात दडून बसतो, गाडी तापली की हळूहळू बाहेर येतो. दार उघडल्या उघडल्या तोंडावर येतो, तो ताजा. किल्ली कुठे असते?"

"आमच्या दाराजवळच्या खिळ्याला."

मावशींनी मान हलवली आणि पाना पुन्हा उचलला. परतताना चष्मिस हळूच म्हणाला, "म्हणजे घरातलंच कुणीतरी." नाकू पूर्ण एक गल्ली त्याच्या पुढे तरातरा चालली. दुसऱ्या गल्लीत तिने बेत सांगितला.

सीटचा रंग दुधी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी चालकाच्या सीटवर सोड्याचा अगदी पातळ थर चाळणीने पाडला, डोळ्यांना दिसणार नाही असा. मग जेवताना नाकूने मोठ्याने सांगितलं, की काम संपलं, आता चारपर्यंत गाडीकडे कुणी फिरकणार नाही. कुणी शेजारी पकडला जावा, एखादा भुरटा पकडला जावा, असं ती मनातल्या मनात घोकत होती.

चार वाजता गाडीचं दार उघडलं. भपकारा आला. नाकूने सीटवर बोट फिरवलं. कडेला सोडा लागला, मधोमध नाही.

ती धावत घरात आली, मागोमाग चष्मिस. मामा चहा घेत होता. बशी ठेवायला तो उठला, वळला आणि त्याच्या गडद निळ्या पँटच्या मागे पौर्णिमेचा चंद्र उगवलेला दिसला. चष्मिसला हसू फुटलं. नाकूकडे पाहताच ते विरलं.

"मामा, पँटला काय लागलंय?"

मामाने मागे हात फिरवला. बोटं पांढरी झाली. त्याने ती पाहिली, मग नाकूकडे पाहिलं. तो खोटं बोलला नाही, एवढंच काय ते बरं.

"गाडीला आधीच वास होता गं. म्हटलं, त्यात आणखी एक मिसळली तर कुणाला कळणार? तुम्ही तो घालवत गेलात, तसतशी माझी लपायची जागा..."

"आम्ही आठवडाभर तुझाच धूर पुसत होतो," नाकू म्हणाली. "आणि तू मावशींना खोटं पाडलंस."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मामाच्या हातात फडकं दिलं. "छतापासून सुरू कर. घासू नकोस, टिपून घे."

मामाने उरलेली दुपार गाडीत काढली, मग गॅरेजमध्ये जाऊन मावशींची माफी मागितली. शनिवारी सकाळी त्याने नवी जाळी बसवली, किल्ली आईच्या पर्समध्ये गेली आणि दिवसभर चारही दारं सताड उघडी राहिली. संध्याकाळी मावशी स्वतः आल्या, काचा लावून पाच मिनिटं आत बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गॅरेजातल्या कुणालाही इतकं साफ जमलं नसतं. आणि तो सोड्याचा सापळा! मोठी झालीस की ये माझ्याकडे." आईने दोघांची पाठ थोपटली. चष्मिस अभिमानाने फुगला. नाकू नुसतं "हो" म्हणाली.

रविवारी पहाटे टिल्लू गाडीत चढला, त्याने खोल श्वास घेतला आणि विचारलं, "समुद्राचा वास कसा असतो?" त्याची छाती अजिबात घरघरली नाही.

मामाने पुढचं दार उघडून धरलं. "नाकू, ये."

नाकू मागे, टिल्लूशेजारी जाऊन बसली.

मामाने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या रिकाम्या सीटवर टिल्लूची वाळूची बादली ठेवली, पुढचं दार हळूच लावलं आणि गाडी सुरू केली.