लांडग्याचे बारा वाटे

कानमास्तर त्या दिवशी दुपारी घराबाहेर पडले ते दोन साध्या कामांसाठी. एक, टेकडीवरच्या एका घरातला पियानो सुरात लावून द्यायचा. दोन, येताना पांढऱ्या रिबिनीचं रीळ आणायचं, कारण शनिवारी लेकीचं लग्न होतं आणि पहिलं रीळ बायकोने चर्चच्या बाकांना फुलं बांधण्यातच संपवलं होतं. दुसरं काम जास्त अवघड, अशी मास्तरांची पक्की समजूत. रिबिनीचा पांढरा रंग नऊ प्रकारचा असतो आणि आपण आणलेला नेहमी दहावा निघतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

कानमास्तर हे त्यांना पडलेलं नाव. पियानो लावणं हा धंदा, वडिलांकडून आलेला. एखादी तार केसभर उतरली तरी मास्तरांना ती दारातूनच कळते, असं लोक म्हणत. यातली खरी गोष्ट अशी की मास्तरांचा उजवा कान दोन वर्षांपासून बसत चालला होता आणि आता पार गेला होता. हे फक्त बायकोला माहीत होतं.

"बरंच झालं की," ती म्हणायची, "माझं बोलणं अर्धंच ऐकू येईल. संसार दुप्पट सुखाचा!"

मास्तर हसायचे. पण अंथरुणात डाव्या कुशीवर वळले, चांगला कान उशीत गेला, की सगळं जग बंद व्हायचं. हाही गेला तर? शनिवारी चर्चचा पियानो त्यांनाच लावायचा होता. लेक त्याच सुरांवर चालत येणार होती.

बायकोबद्दल आणखी एक सांगून ठेवतो, पुढे लागेल. ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गायची. मनापासून गायची, आणि सुराच्या बोटभर वर गायची. तीस वर्षांत एकदाही तिचा सूर खाली आला नव्हता. पियानो एका मजल्यावर आणि बाई वरच्या जिन्यात. मास्तरांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा सुचवून पाहिलं होतं. तेव्हापासून सुचवणं सोडलं होतं.

असो. टेकडीवर धुकं इतकं उतरलं होतं की दुपारी तीनलाच दिवे लागले होते. फाटक, मग ओल्या खडीची वाट, मग एकदम अंगावर आल्यासारखं घर. दार एका बाईने उघडलं. पन्नाशीची, करड्या कपड्यातली, घर सांभाळणारी असावी. तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे गच्च बसवलेले होते.

"मालक आहेत?" मास्तरांनी विचारलं.

तिने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "आहेत... ते वाट बघताहेत. लवकर लावा."

आतल्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. पडदे ओढलेले, एकच दिवा, आणि त्याखाली काळा, उंच पियानो. त्याचं झाकण उघडंच होतं. वाट बघणाऱ्या तोंडासारखं, असं मास्तरांच्या मनात आलं आणि ते स्वतःवरच हसले.

इथे त्यांची एक चूक झाली. वडिलांनी त्यांना एक शिस्त घालून दिली होती. झाकण उघडण्याआधी त्यावर उजवा तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि प्रभूची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. "यात दोन कामं होतात," वडील म्हणत. "देव आपलं ऐकतो आणि आपण खोलीचं ऐकतो." तीस वर्षांत मास्तरांनी ती चुकवली नव्हती. आज झाकण उघडंच, हात ठेवायला जागा नाही, बाई घाई करतेय, आणि रिबिनीचं दुकान सहाला बंद होतं. मास्तरांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि थेट पुढची फळी काढली.

पियानो लावणारे आतल्या फळीवर पेन्सिलीने सही करतात आणि तारीख घालतात. इथेही सह्या होत्या. सगळ्यात वर वडिलांची. त्यांची तिरकी, लांब शेपटीची सही बघून मास्तरांना भरून आलं. पण ती एकच होती. एकदा हाती आलेला पियानो वडील कधी सोडत नसत, मग हा का सोडला? त्याखाली उस्ताद म्हणवल्या जाणाऱ्या एका जुन्या ट्यूनरच्या सह्या. धंद्यातल्या सगळ्यांना तो ठाऊक होता. त्याच्याइतका शुद्ध कान कुणाचा झाला नाही असं म्हणत. शेवटी शेवटी चमचा बशीला लागलेला त्याला सोसायचा नाही. बायकोमुलांचं बोलणंही सोसेना, तेव्हा कानांत मेण ओतून एकटा राहिला आणि एकटाच गेला. त्याच्या सह्या आधी सहा महिन्यांनी होत्या, मग महिन्याने, मग रोज. शेवटच्या ओळीत सात दिवसांच्या सात सह्या. खाली कोरी फळी.

मास्तरांनी स्वरकाटा गुडघ्यावर आपटला आणि पहिली तार लावली. तेव्हा त्यांना कुठेतरी घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

ती उजव्या कानात होती.

त्यांनी डावा कान बोटाने बंद केला. टिकटिक चालूच. पडद्यामागे काचेवरून धुक्याचा ओलावा ठिबकत होता, तेही ऐकू आलं. भिंतीतली वाळवी ऐकू आली. मास्तरांच्या हातातून तारा पिळायचा पाना निसटला.

"ऐकू येतंय ना?" कुणीतरी उजव्या कानाशी म्हणालं. अगदी सभ्य, मऊ आवाज. खोलीत कुणीच नव्हतं.

"कोण... कोण आहे?"

"मालक. घाबरू नकोस. हा कान तुझ्याकडेच ठेव, माझी भेट. शनिवारी लागेलच."

"आणि... मी काय द्यायचं?"

"काहीच नाही. पियानो शुद्ध लाव. शंभर टक्के. कुठेही केसभरसुद्धा न सोडता. आणि ते झाकणावर हात ठेवून पुटपुटणं असतं ना, ते आजपासून सोडून दे. वेळ जातो. आज नाही केलंस, काही बिघडलं का?"

काहीच बिघडलं नव्हतं, उलट गेलेला कान परत आला होता. मास्तरांचे डोळे ओले झाले आणि हात कामाला लागले.

आता पियानो लावणाऱ्यांचं एक दुखणं समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. सा लावायचा, त्याच्यावरचा प लावायचा, मग त्या प लाच सा धरून त्याचा प. असं बारा घरं हिंडून माणूस पुन्हा पहिल्या घराशी येतो. गोम अशी की प्रत्येक जोडी अगदी शुद्ध लावत आलो तर शेवटचं दार जुळत नाही. सगळ्या घरांची उरलेली फट त्या एका जोडीत जाऊन बसते आणि ती जोडी अक्षरशः विव्हळते. धंद्यात तिला लांडगा म्हणतात. म्हणून शहाणा माणूस प्रत्येक प केसभर खाली ठेवतो. "लांडगा मारणारे आपण कोण?" वडील म्हणत. "ते काम वरच्याचं. आपण त्याचे बारा वाटे करायचे. प्रत्येक घराने थोडं सोसायचं, मग तो कुणालाच चावत नाही."

आज मास्तरांनी वाटे केले नाहीत. पहिली जोडी शुद्ध लागली आणि खोलीतली हवा उजळल्यासारखी झाली. दुसरी लागली, तिसरी लागली. असा सूर त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. आपण आजवर लोकांना वाकडंच विकत आलो, असं त्यांना वाटू लागलं. सातव्या जोडीला ते स्वतःशीच म्हणाले, वडिलांना जमलं नसेल म्हणून त्यांनी सोडलं. अकरावीला वडिलांची थोडी कीव आली. बारावी राहिली.

पाना खुंटीवर बसवताना त्यांनी सवयीने विचारलं, "आणि लांडगा... तो कुठे जाणार?"

"इथे नको," आवाज म्हणाला. "तो तू घरी ने."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मास्तरांनी तो उजव्या कानाला लावला, दोन वर्षांनी पहिल्यांदाच.

"अहो, रिबीन दुधासारखी पांढरी आणा, खडूसारखी नको..."

बायकोच होती. पण तो आवाज! पाटीवर खिळा ओढावा तसा तो कानात शिरला. प्रत्येक शब्द वाकडा, प्रत्येक श्वास बेसूर. मागे लेक हसत होती आणि त्या हसण्याने मास्तरांच्या दाढा आंबल्या. 'गप्प बस' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. नुसते 'गप्प बस' नव्हे, त्याच्या मागे तीस वर्षांचं साठवलेलं आणखी बरंच काही रांग लावून उभं होतं.

मास्तर त्या शब्दांना घाबरले. खोलीतल्या आवाजाला घाबरले नव्हते इतके घाबरले. त्यांनी दात आवळून धरले आणि फोन ठेवला.

"बघितलंस?" आवाज म्हणाला. "कशात राहत होतास..."

मास्तरांनी फळीवरच्या सात सह्यांकडे पाहिलं. मग वरच्या एका सहीकडे. आणि वडिलांनी हा पियानो का सोडला ते त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी झाकण खाली ओढलं. ते जड होतं, कुणी आतून धरून ठेवावं तसं जड. शेवटी धाडकन बसलं. त्यावर त्यांनी उजवा तळवा ठेवला.

"आता कशाला? उशीर झालाय... आणि कान जाईल हं तुझा..."

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. "देवा, हा मोह मला एकट्याला नाही रे झेपत. तूच धर."

आणि त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, लहान पोरासारखी, शब्द अडखळत. पहिल्या ओळीला भिंतीतली वाळवी गेली. प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीशी आले तेव्हा घड्याळ गेलं. 'मोहात पडू देऊ नकोस' म्हणताना उजव्या कानात कुणीतरी फार जवळून श्वास आत ओढला, आणि मग तिथे नेहमीची काळीकुट्ट शांतता झाली. मास्तर रडले. कान गेला म्हणून रडले की घर वाचलं म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही असेल.

मग डोळे पुसून त्यांनी अकराही जोड्या सोडवल्या. प्रत्येक प केसभर उतरवला. कान एकच, म्हणून दुसरा हात लाकडावर ठेवून थरथर मोजत गेले. बारावं दार अलगद जुळलं. फळीवर सही मात्र एकच केली, वडिलांच्या शेजारी.

दाराशी त्या बाईने कानांतले दोन्ही बोळे काढून हातात धरले होते. "आज घर शांत आहे," ती म्हणाली. "तुमचे वडीलही असाच हात ठेवून बसले होते. इथेच उभी होते मी."

वडिलांची तारीख पंचेचाळीस वर्षांपूर्वीची होती. मास्तरांनी हिशेब केला नाही. ते इतक्या झपाट्याने टेकडी उतरले की रिबिनीचं दुकान उघडं सापडलं. रीळ अर्थातच खडूसारखं निघालं, आणि बायकोने त्यावर जे काही सुनावलं ते त्यांनी डावा कान पुढे करून, तोंडभर हसत, शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते चर्चच्या पाळकांकडे गेले आणि उजव्या कानाचं सांगून टाकलं. दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट दोन मिनिटांत बाहेर पडली. पलीकडच्या पेठेतल्या ट्यूनरलाही स्वतःहून बोलावलं. "मी लावतो, तू तपास," म्हणाले. तो माणूस आधी चकित झाला, मग दोन जागी चूक काढून भलताच खूश झाला. शनिवारी लेक चालत आली, पियानो गोड वाजला, आणि पहिल्या बाकावरून बायको बोटभर वर चढली. मास्तरांना वाटलं, स्वर्गातही एवढी एक बाई वर गाणारी असावी, नाहीतर करमायचं नाही.

याला महिना झाला असेल. दुपारी चारचा सुमार. मास्तर टेबलाशी पेपर वाचत होते आणि बायको स्वयंपाकघरात बटाटे सोलत लग्नातलं भजन गात होती. वाचता वाचता मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. काय बिघडलंय ते क्षणभर कळेना. मग कळलं.

बायको सुरात गात होती.

नुसती सुरात नव्हे. शुद्ध. शंभर टक्के.

मास्तरांनी पेपर टाकला, टेबलावर तळवा दाबला आणि पुटपुटू लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ... आवाज तसाच, काचेसारखा. 'मोहात पडू देऊ नकोस' म्हणाले, तेव्हा कुठे तिचा सूर डगमगला आणि नेहमीसारखा बोटभर वर गेला. मास्तरांनी 'आमेन' इतक्या जोरात ओरडून म्हटलं की ती ओल्या हातांनी बाहेर आली.

"काय हो, चर्चमध्ये झोप लागते आणि घरात आमेन?"

"तू गा. अशीच गा. आयुष्यभर अशीच गा."

"गात होतेच की. पण तुमच्या ओरडण्याने तो वाजवायचा थांबला." तिने आतल्या खोलीच्या दाराकडे मान वळवली. "छान साथ देत होता हो. पियानो कधी आणलात? मला सांगितलंही नाहीत."

त्या घरात पियानो कधीच नव्हता. मास्तरांनी तिचा ओला हात ओढून टेबलावर ठेवला, त्यावर आपला ठेवला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.