कापून टाकलेला खोकला

घड्याळजींना आधी वाटलं, आपले कानच गेले.

हेडफोन कानाला होते. समोरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी पुढं सरकत होती, म्हणजे लेक बोलत होती. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. डोळे गेले, गुडघे गेले, आता कानांची पाळी, अशी मनाची समजूत घालत ते मुकाट बसून राहिले. तीन मिनिटांनी पट्टी संपली. त्यांनी ती पुन्हा लावून घेतली. मग एक हेडफोन बाजूला सारून खिशातलं घड्याळ कानाशी धरलं.

टिकटिक स्पष्ट ऐकू आली.

कान शाबूत होते. लेकच गेली होती, दुसऱ्यांदा.

घशाच्या ऑपरेशननं ज्यांचा आवाज जाणार असतो, त्यांचा आवाज आधीच टिपून ठेवणारं हे केंद्र. गेल्या वर्षी घड्याळजींच्या मुलीनं इथं काही शे वाक्यं आणि बाबांसाठी तीन मिनिटांचा निरोप ठेवला. ऑपरेशननं आवाज नेला, आणि आजारानं पुढं तिलाही नेलं. तेव्हापासून दर शनिवारी म्हातारा जावयाबरोबर यायचा, डोळे मिटून तीन मिनिटं ऐकायचा आणि घरी जायचा. आठवडाभर जगायला त्याला तेवढं पुरत होतं.

दुपारपर्यंत पोलीस आले. आल्या त्या सायबर शाखेच्या इन्स्पेक्टर बाई. खात्यात त्यांना सगळे ‘सुई’ म्हणत. गवताच्या गंजीतलं शोधतात म्हणून, असं त्यांचे मित्र सांगत. टोचतात म्हणून, असं बाकीचे.

फोन केंद्राच्या व्यवस्थापकांनी केला होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“चोरी झाली हो बाई. त्या मुलीच्या सगळ्या फायली कोऱ्या. बाकीच्यांचं सगळं जागेवर आहे. आणि सोमवारी कंपनीची माणसं यायचीत.”

“कुठली कंपनी?”

“आवाज दिला की त्या आवाजात हवं ते बोलणारा कॉम्प्युटर बनवतात. त्यांना हाच आवाज सगळ्यात आवडला होता. फार गोड होता ना.”

“घरच्यांना विचारलंत?”

व्यवस्थापकांनी चष्मा पुसायला काढला. “संस्थेच्या नियमात बसतं ते. जावई तर आमच्याकडेच नोकरीला आहेत.”

जावई म्हणजे केंद्राचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. त्याला ऑफिसात ‘कुलूप’ म्हणत. ज्याला त्याला पासवर्ड लावायची खोड, आणि स्वतःचं तोंडही तसंच बंद. बायको गेल्यापासून तर किल्लीच हरवली होती. गार हवेच्या, घरघरणाऱ्या सर्व्हरच्या खोलीत सुईनं त्याला गाठलं.

“आवाज कुठं असतात?”

“एका व्हर्च्युअल मशीनमध्ये. म्हणजे या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात नांदणारा दुसरा कॉम्प्युटर. हाताला लागणार नाही, पण काम सगळं करतो.”

“तो बिघडला तर?”

“दुसऱ्या इमारतीत त्याची जुळी मशीन आहे. रेप्लिका. इथं जे होईल ते काही मिनिटांत तिथंही होतं.”

“मग तिथून काढा आवाज.”

कुलपानं मान हलवली. “आरशासमोर मिशी काढली तर आरशातली राहते का, बाई? इथं पुसलं, तिथंही पुसलं गेलं.”

“आणि बॅकअप?”

“ते वेगळं. रोज मशीनची एक प्रत निघते. ती दोन आठवडे बंद. व्यवस्थापकांना पुसता येत नाही, मलाही नाही. दोन आठवडे भरले की सगळ्यात जुनी प्रत आपोआप जाते.”

“प्रत धड आहे हे कोण बघतं?”

“सॉफ्टवेअरच. रोज ती एका बंद कप्प्यात सुरू करून बघतं. मशीन उठली की हिरवी खूण.”

“आत काय आहे, ते?”

“मशीन उठली म्हणजे आतलं सगळं असणारच, असं आम्ही धरून चालतो.” तो पुढं म्हणाला, “आमच्या धंद्यात सगळेच तसं धरतात.”

“सगळ्यात जुनी प्रत काढा.”

त्यानं काढली. हात सराईत होते. दोन आठवड्यांपूर्वीची मशीन पडद्यावर झोपेतून उठल्यासारखी उभी राहिली. मुलीच्या नावाचा फोल्डर होता. फायली होत्या, लांबी तितकीच, वजन तितकंच. कुलपानं हेडफोन सुईपुढं सरकवले आणि स्वतः जाऊन दाराशी पाठमोरा उभा राहिला.

सुईनं तीन मिनिटं ऐकलं. शांतता होती. नुसती, स्वच्छ, मापून ओतलेली शांतता.

बाहेरच्या बाकावर घड्याळजी बसले होते. सुई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मशीन दोन आठवडे मुकी, तर घड्याळजींना ते आजच कसं कळलं? तिच्या डोक्यात ही एकच गाठ होती, आणि ती सुटत नव्हती.

“आजोबा, शेवटचं कधी ऐकलंत?”

“गेल्या शनिवारी.”

“नक्की? त्याच्या आधीच्या आठवड्यातलं तर आठवत नसेल?”

म्हातारा दुखावला. “बाई, मी जन्मभर घड्याळं कानानं तपासली. गेल्या शनिवारी ऐकलं, त्याच्या आदल्या शनिवारीही ऐकलं. उलट त्या दोन्ही वेळा जास्तच ऐकलं.”

“जास्त म्हणजे?”

“सुरुवातीला ती खोकली. पूर्वी कधी खोकत नव्हती, एकदम ‘बाबा’ म्हणून सुरू व्हायची. या दोन खेपांना आधी खोकला, मग जरा हसली, मग ‘बाबा’. आणि बघा, लहानपणापासून ती खोकली की मी ‘पाणी घे गं’ म्हणायचो. तसंच तोंडातून गेलं. मोठ्यानं. सगळे बघायला लागले.” ते ओशाळं हसले, आणि हसता हसताच रडू लागले. “तेवढं शोधून द्या, बाई. मला दुसरं काही नको. चोराला सोडून द्या हवं तर.”

सुईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आवाज टिपणाऱ्या, बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई आपल्या खोलीत नुसत्या बसून होत्या.

“निरोपाच्या सुरुवातीला खोकला होता?” सुईनं विचारलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं?” त्या चमकल्या. “होता. पण तो मीच कापला. फाईल साफ करूनच मशीनवर चढवतो आम्ही. खोकला, खुर्चीची करकर, सगळं काढून.”

“मशीनवर खोकल्यासकट कधीच नव्हती?”

“एक दिवससुद्धा नाही.”

“ती इथंच बोलली होती?”

“निरोप नाही. त्या दिवसांत तिला घराबाहेर पडवत नव्हतं. घरच्याच रेकॉर्डरवर बोलली, नवऱ्यानं मला तो आणून दिला. मी फाईल उतरवून घेतली आणि रेकॉर्डर परत केला.”

“शनिवारी आजोबांना ऐकवायला तुम्ही असता?”

“पट्टी सुरू करून चहाला निघून जाते. खोटं कशाला बोलू, त्यांचा चेहरा बघवत नाही मला.”

सुई उठली. “सगळ्यांना ऐकायच्या खोलीत बोलवा.”

खोली लहान होती. भिंतींना आवाज शोषणारा जाड फोम लावलेला, त्यामुळं माणसाचं बोलणं तोंडातून निघताच विझायचं. घड्याळजी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. व्यवस्थापक घड्याळ बघत होते. बाई दाराला टेकल्या. कुलूप सासऱ्यांच्या खुर्चीमागं उभा होता.

“दोन आठवड्यांपूर्वीच्या प्रतीतही शांतताच आहे,” सुई म्हणाली. “म्हणजे फायली त्याआधीच बदलल्या गेल्या. तरी आजोबांनी गेले दोन शनिवार मुलीचा आवाज ऐकला. मशीन मुकी, आणि आजोबांना ऐकू येतंय. कसं?”

“त्यांना भास झाला असेल,” व्यवस्थापक म्हणाले.

“भासाला खोकला होत नाही. मशीनवर कधीही नसलेला खोकला त्यांनी ऐकला. म्हणजे आवाज मशीनमधून आलाच नाही. सगळे काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो. समोर पट्टी मशीनची सरकत होती, पण हेडफोनची वायर गेली होती एका खिशातल्या रेकॉर्डरमध्ये. आजोबा डोळे मिटून बसतात. बाई चहाला जातात. राहतं कोण?”



“पण हे नाटक कशाला?” व्यवस्थापकांना राहवेना.

“बॅकअपसाठी. पुसणाऱ्याला ठाऊक होतं की जुन्या प्रतींना हात लावता येत नाही. त्यांना आपोआप मरू द्यायचं होतं. त्यासाठी हवे होते दोन आठवडे, आणि त्या दोन आठवड्यांत कोणाला कळता कामा नये. कळलं असतं, तर जुनी प्रत काढून आवाज परत आणला असता. रोजची तपासणी त्याला पकडणार नव्हती. मशीन उठायची, हिरवी खूण यायची. तिचा आवाज नेमानं ऐकणारा माणूस एकच होता. त्याला दोन शनिवार फसवलं की झालं.” ती वळली. “मघाशी जुनी प्रत उघडली तेव्हा मी तुमच्याकडं बघत होते. बायकोचा हरवलेला आवाज सापडेल अशी शेवटची जागा ती. कोणीही हेडफोनवर झडप घातली असती. तुम्ही ते माझ्याकडं सरकवलेत, आणि तोंड फिरवलंत. आत काय आहे ते तुम्हाला आधीच माहीत होतं.”

घड्याळजींनी मान वळवून वर पाहिलं. “जावईबापू?”



“हो, बाबा. मीच.”

“अहो, याला पकडा!” व्यवस्थापक ओरडले. “संस्थेची मालमत्ता...”

“तुमचीही पाळी येणार आहे, बसा,” सुई म्हणाली. ते बसले.

“महिन्याभरापूर्वी यांनी मला खोलीत बोलावलं,” कुलूप म्हणाला. “कंपनीनं नमुना पाठवला होता. बटण दाबलं आणि ती बोलली. ‘बाबा, तुम्ही औषध वेळेवर घेत जा.’ तिचाच आवाज, बाबा. हुबेहूब. तिनं जन्मात तुम्हाला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. आणि माझ्या अंगावर काटा यायला हवा होता ना? मी काय म्हणालो माहितेय? म्हणालो, परत लावा. चार वेळा लावायला लावलं. घरी जाऊन मनात वाक्यं जुळवत बसलो, हिच्याकडून अजून काय काय वदवून घ्यायचं त्याची.”

त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं मला बजावलं होतं. बोललेलं तिचं शेवटचं तेच. ‘माझ्या तोंडी माझे नसलेले शब्द घालू देऊ नकोस. कुणालाच नाही. तुलासुद्धा नाही.’ तिनं मला बरोबर ओळखलं होतं. यांना मी नको म्हणालो, हे म्हणाले नियमात बसतं. मग माझ्या हातात हेच उरलं.”

“आणि रेकॉर्डर?” सुईनं हळू विचारलं.

“जुनी प्रत गेल्याची खात्री झाली तसा तोही पुसला. ठेवला असता तर कधीतरी मीच तो घेऊन कंपनीच्या दारात गेलो असतो. मला स्वतःचीच खात्री नव्हती.”

घड्याळजींनी खिशातलं घड्याळ मुठीत धरलं.

“मला विचारायचं होतंस रे,” म्हातारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जावयाला अरेतुरे केलं.

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

घड्याळजींनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. “हो. नाहीच म्हणालो असतो. कंपनीलाही दे म्हणालो असतो.”

बाई दाराशी तोंडात पदर कोंबून रडत होत्या. सुईनं आजवर पुष्कळ चोर पकडले होते. पकडल्याचं इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

“सगळंच पुसलंस?” घड्याळजींनी विचारलं. “एक शब्दही नाही ठेवलास?”

“शब्द एकही नाही.” कुलपानं खिशात हात घातला. काडेपेटीएवढा रेकॉर्डर बाहेर काढला. “याचं काय करावं ते मात्र कळेना, बाबा. यात शब्द नाहीत. यातून कोणाला काही बनवता येणार नाही. आणि एवढं पुसायला बोटच उचलेना.”

त्यानं हेडफोन पुसून सासऱ्यांच्या कानाला लावले, वायर रेकॉर्डरमध्ये खुपसली. घड्याळजींनी नेहमीसारखे डोळे मिटले. कुलपानं बटण दाबलं.

दोन-तीन सेकंदांचं काय ते. बाकीच्यांना काहीच ऐकू आलं नाही.

“पाणी घे गं,” घड्याळजी म्हणाले.

मग ते वाट बघत बसले. यानंतर ती ‘बाबा’ म्हणायची.