सहावं पान

परळला माझं टायपिंगचं दुकान आहे. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पाटी तीच राहिली. लॉक झालेल्या फाईली खुल्या करून देणं हे आता माझं निम्मं काम. कुणी पासवर्ड विसरतं, कुणाच्या ऑफिसातला माणूस नोकरी सोडून जातो. मी फार चौकशा करत नसे. हे त्या दुपारपर्यंतचं सांगतोय.

ऑक्टोबर होता. साडेतीनच्या सुमारास चाळिशीतले एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेनड्राइव्ह. नाव शंतनु, राहायला गिरगावात.

"फाईल उघडते, वाचता येते, पण एक अक्षर बदलता येत नाही."

"कुणाची आहे?"

"काकूची. सुनेत्राकाकू. मागच्या आठवड्यात गेली... संध्याकाळी जिन्यावरून पडली. आठवणी लिहून ठेवल्यात तिने. तिच्या मुलीला द्यायच्या आहेत. आकांक्षा रोज फोन करते."

"मग आहे तशी द्या ना."

ते हसले. "थोडं शुद्धलेखन सुधारायचंय. पण फाईल तीच दिसली पाहिजे हां. काकूने केलेली."

गिरगावात असली दुकानं काय कमी आहेत? हा माणूस परळपर्यंत का आला? मनात पाल चुकचुकली, पण हात कामाला लागले होते.

असल्या लॉकला पासवर्ड शोधावा लागत नाही. आधी फाईलची कॉपी माझ्या मशीनवर घेतली. नावापुढचं डॉक्सएक्स काढून झिप केलं. आत सेटिंगची एक फाईल असते, तिच्यात राखणीची एकच ओळ. ती पुसली, सगळं पूर्ववत केलं. पाच मिनिटांत फाईल खुली झाली.

"सहावं पान काढा," ते म्हणाले आणि काउंटरला वळसा घालून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

सहाव्या पानावर मधला परिच्छेद होता. नको म्हणता म्हणता डोळ्यांनी वाचला.

*शंतनु जिन्यातला बल्ब काढून ठेवतो. दोनदा पाहिलं. विचारलं तर म्हणतो, उडाला असेल. माझे गुडघे कसे आहेत ते त्याला ठाऊक आहे.*

"हे शुद्धलेखन आहे होय?" मी विचारलं.

 माझ्या खांद्यावरून त्यांचा हात पुढे आला, माउसने परिच्छेद निवडला आणि बटण दाबलं. मधे पांढरी जागा राहिली. कर्सर लुकलुकत होता.

तेवढ्यात निलगिरीच्या तेलाचा वास आला. दुकानात तसलं काही नव्हतं. 

"काकू गुडघ्यांना लावायची..." ते पुटपुटले.

कर्सर हलला. एक अक्षर उमटलं. थांबलं. चुकलं म्हणून पुसलं गेलं, पुन्हा उमटलं. म्हातारी माणसं एका बोटाने, शोधत शोधत टाइप करतात ना, तसं.

"तू करतोयस हे... कोण आहेस तू? आकांक्षाने सांगून ठेवलंय तुला?"

"तुम्ही आलात माझ्याकडे, साहेब. मी कुठे आलो होतो?"

मलाही त्यांचाच संशय येत होता. पेनड्राइव्हमध्ये काही घालून आणलं असेल. मी कीबोर्डची वायर उपटली, कीबोर्ड मांडीवर घेतला. वायर लोंबकळत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत बटणं एकेक करून खाली दबत होती... टक्... टक्... मांडीला ते दाबणं जाणवत होतं.

*बल्ब शंतनुच्या कपाटात आहे. निळ्या टॉवेलमध्ये.*

पूर्णविराम पडला आणि कीबोर्ड शांत झाला. शंतनुने पेनड्राइव्ह खेचला आणि मागे न बघता रस्त्यावर धावत सुटला.

माझ्या मशीनवर कॉपी होती. पहिल्या पानावर आकांक्षाचं नाव आणि फोन नंबर. दोन तास मी नुसता बसून होतो. फाईल खुली मी केली होती. उद्या कुणी म्हणालं, ही ओळ तूच लिहिलीस, तर काय सांगणार? शेवटी पुसलेला परिच्छेद परत आणला आणि फोन लावला.

ती अँटॉप हिलहून टॅक्सीने आली. सहावं पान तिने उभ्या उभ्या वाचलं.

"आई फोनवर म्हणायची, जिन्यात अंधार असतो गं... मी म्हटलं, टॉर्च वापर." एवढंच बोलली आणि स्टुलावर बसली.

पोलिसांना बल्ब सापडला. निळा टॉवेलही. शंतनुने दोन दिवस नाकारलं, तिसऱ्या दिवशी कबूल केलं. दोघं राहत होते ती खोली त्याला एकट्याला हवी होती. ती ओळ कुणी टाइप केली, हे मला चौकीत चार वेळा विचारलं. मी चार वेळा खरं सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच मी त्या दिवसापासून माझ्या मशीनकडे पाहतो.

आकांक्षाने फाईल नेली. ती नऊ पानांची आहे. काल फोन करून मी पुन्हा खात्री करून घेतली.

माझ्याकडच्या कॉपीची मात्र आता अकरा पानं झाली आहेत. परवा उघडली तेव्हा दहाव्या पानाचा फक्त मायना वाचला आणि घाईने बंद केली. सुनेत्राबाईंची आणि माझी कधी गाठ पडली नव्हती. माझं नाव त्यांना ठाऊक असायचं कारण नाही.

मायना होता, 'श्री. राजरत्न यांस.'