उद्या सांगते

बस ड्रायव्हर ड्युटीवरून तसाच आला, गणवेशातच. टोपी मांडीवर ठेवली आणि टोपीकडेच बघत म्हणाला, “मला माझ्या बायकोचं गाणं हवंय.”

वहिनींनी स्टुलावर टेकवलेला दुखरा गुडघा खाली घेतला. ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या या खोलीत बसून त्यांनी आजवर पळालेले भागीदार शोधले होते, खोटं बोलणारे नवरे शोधले होते, आणि आता त्यांना या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला होता. त्यांचे धाकटे दीर म्हणजे भाऊजी. रिपोर्ट टाइप करणं, चहा करणं आणि चुकीचे तर्क लढवणं ही त्यांची कामं, आणि त्यात ते कधी चुकत नसत.

“गाणं चोरीला गेलंय?” भाऊजींनी विचारलं.

“तसंच म्हणा. कोपऱ्यावरच्या कॅफेत दर गुरुवारी संध्याकाळी ओपन माइक असतो. हौशी लोक येतात, गातात, वाजवतात. ती नेमानं जायची. कॅफेवाला सगळं रेकॉर्ड करतो, पण पुढच्या आठवड्यात तेच मेमरी कार्ड पुसून पुन्हा वापरतो. गेल्या गुरुवारी ती गायली. रविवारी सकाळी भाजी चिरता चिरता गेली. हृदयाचं जुनं दुखणं होतं.”

खाली इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता.

“मी एकदाही ऐकायला गेलो नाही,” तो म्हणाला. “गुरुवारी माझी संध्याकाळची फेरी. ती म्हणायची, रजा टाका. मी म्हणायचो, पुढच्या गुरुवारी. मंगळवारी कॅफेत गेलो, तर रेकॉर्डिंगचं मशीन जागेवर आणि आतलं कार्ड गायब. तिचा आवाज तेवढाच उरला होता हो.”

“त्या गुरुवारी घरी आल्यावर काही म्हणाल्या?”

“हसत होती. चप्पल काढता येईना इतकी. काय झालं विचारलं तर म्हणाली, ‘उद्या सांगते.’ दुसऱ्या दिवशी माझी पहाटेची ड्युटी. मग राहूनच गेलं.”

तो जिना उतरून गेल्यावर भाऊजी म्हणाले, “कॅफेवाल्यानंच पुसलं असणार. आता अंगावर येऊ नये म्हणून कार्ड गायब.”

“पुसलं असतं तर ‘रेकॉर्डिंग झालंच नाही’ म्हणून मोकळा झाला असता. कार्ड कशाला लपवेल? चला, छत्री घ्या. माझ्या काठीचं काम करेल.”

कॅफेवाला कप पुसत होता. त्यानं गल्ल्याखालचा खण उघडून दाखवला. कुलूप नव्हतंच.

“मशीन इथं असतं हे सगळ्यांना ठाऊक. पण गल्ल्यामागे येतात दोघंच. सकाळी पाव टाकायला बेकरीवाल्या बाई, आणि आमचे सर. भूगोलाचे शिक्षक होते, आता निवृत्त. गाणाऱ्या सगळ्यांना गिटारची साथ तेच करतात. सोमवारी दिव्यासाठी आले होते.”

“कसला दिवा?”

“माझी हौस, दुसरं काय! गेल्या गुरुवारी स्टेजवर नुसता लाल दिवा लावला. म्हटलं, जरा वातावरण. कसलं वातावरण! पुढच्या टेबलांवर हे लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, तर सगळ्या चौकड्याच गायब. धोब्यानं बदलून दिल्यासारखे कोरे दिसायला लागले. सोमवारी सर म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो, साधा दिवा लावा. मग मी आतून शिडी आणली आणि बदलला.”

बेकरीवाल्या बाई कोपरापर्यंत पिठात होत्या. त्यांनी मळणं थांबवलं नाही.

“गाणं पडलं तिचं. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण विचारलंत म्हणून सांगते. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. अर्ध्यातच हात जोडले आणि खाली उतरली.”

“तुमची आणि त्यांची चुरस होती म्हणे?” भाऊजींनी खडा टाकला.

“कसली चुरस? माझी पट्टी तिच्याहून चांगलीच वर. तिचा आवाज खालचा, मऊ. जीव लावणारा.” बाईंनी पिठाचा गोळा जोरात आपटला. “त्या दिवशी मात्र पहिल्या ओळीपासून ताणत होती. का, कोण जाणे.”

बाहेर पडताच भाऊजी कुजबुजले, “हीच! मत्सर.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, भाऊजी.”

सरांच्या घरी खुर्चीवर पुस्तकं होती आणि भिंतीला गिटार. सर जाड भिंगांच्या चष्म्यातून दोघांकडे बराच वेळ बघत राहिले, मग पुस्तकं उचलायला धावले.

“कशा गायल्या त्या?” वहिनींनी विचारलं.

“नेहमीसारखी. छान गायली.” सर खिडकीकडे बघत होते.

भाऊजींनी गिटार मांडीवर घेतली. दांडीवरच्या तारा आवळून धरणारा एक चिमटा त्यांच्या हातात आला. “हे काय?”

“कॅपो. तो लावला की तारांचा सूर चढतो. गिटारच्या पोटाकडे सरकवाल तितका जास्त. ज्याची जशी पट्टी, तशी त्याची जागा.”

“आणि दांडीच्या कडेला हा पांढरा ठिपका?”

“बेकरीवाल्या बाईंची जागा. मला आता बारीक दिसत नाही, म्हणून खूण चिकटवली.”

वहिनींनी दांडीच्या कडेवरून बोट फिरवलं. पांढऱ्या ठिपक्याच्या बऱ्याच अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला ते चिकटलं. तिथं डिंक होता, आणि डिंकात लाल कागदाचा कण. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि चहा नको म्हणून सांगितलं.

गुरुवारी, कार्यक्रमाआधी, वहिनींनी सगळ्यांना कॅफेत बोलावलं. ड्रायव्हरनं गुरुवारची रजा पहिल्यांदाच टाकली होती. सर गिटार घेऊन भिंतीशी बसले होते.

वहिनींनी कॅफेवाल्याला पडदे ओढून लाल दिवा लावायला सांगितलं. मग एका काळ्या ट्रेवर दोन ठिपके चिकटवून तो भाऊजींसमोर धरला. “यातला लाल कुठला?”

“हा डावा.” भाऊजी ठामपणे म्हणाले.

साधा दिवा लागला. डावा ठिपका पांढरा होता. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“लाल उजेडात लाल आणि पांढरं सारखंच दिसतं,” वहिनी म्हणाल्या. “टेबलक्लॉथच्या चौकड्या त्यामुळेच गेल्या. सरांच्या गिटारवरही दोन खुणा होत्या. पांढरी बाईंची, उंच पट्टीची. लाल या साहेबांच्या बायकोची, खालच्या पट्टीची. त्या दिवशी कॅपो चुकीच्या खुणेवर लागला. बाई, म्हणूनच त्या पहिल्या ओळीपासून ताणत होत्या.”

“अगं बाई!” बेकरीवाल्या बाईंनी तोंडावर हात घेतला.

“मशीन महाग, तरी ते सोडून कार्ड गेलं. म्हणजे कुणाला तरी ते गाणं ऐकू जायला नको होतं. बाईंनी तर गाणं पडलं हे आपणहून सांगितलं. लपवणारा माणूस तसं सांगेल का? छान झालं असं सांगणारे एकटे सर. सोमवारी कॅफेवाले शिडी आणायला आत गेले आणि सर खणापाशी एकटे राहिले. नंतर लाल खूण खरवडून काढली, पण डिंक राहिला.” वहिनी दमून खुर्चीत टेकल्या. या कामात सगळ्यात नको वाटायचा तो हाच क्षण. “काढा सर. तुम्ही ते फेकलेलं नाही.”

सरांनी सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं.

“फेकवलं नाही. ऐकायचीही हिंमत झाली नाही. सगळ्यांसमोर मी तिचा आवाज फोडला, आणि हात तिनं जोडले, जणू तिचीच चूक. माझ्या लक्षात आलं घरी पोचल्यावर. म्हटलं, पुढच्या गुरुवारी माफी मागू. रविवारी ती गेली. त्या अपमानानंच गेली, मला माहीत आहे. आणि नवऱ्यानं आयुष्यात तिचं एकच गाणं ऐकायचं, ते हे?”

ड्रायव्हरनं कार्ड घेऊन कॅफेवाल्याकडे दिलं.

आवाज आला. खालचा, मऊ, पण टाचा उंचावून फळीवरचा डबा काढावा तसा ताणलेला. दुसऱ्या कडव्यात तो फाटला. गिटार थांबली. मग तिचं, माइकपासून जरा लांबून, “माफ करा हं.” आणि टाळ्या, भरपूर टाळ्या.

ड्रायव्हरचे खांदे हलायला लागले. भाऊजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला, पण तो रडत नव्हता. म्हणजे, नुसता रडत नव्हता.

“सर,” तो म्हणाला, “बेकरीवाल्या बाईंच्या पट्टीत गायला लावलंत होय तिला! अहो, अपमान कसला? त्या दिवशी ती दारात उभी राहून पोट धरून हसत होती. चप्पल काढता येईना. मी किती विचारलं, का हसतेस, का हसतेस.”

सरांनी चष्मा काढला. “हसत होती?”

“तुमची शपथ.” त्यानं बाहीनं तोंड पुसलं. “उद्या सांगते म्हणाली होती. आज सांगितलं.”

मग त्यानं कॅफेवाल्याला गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.